लांबच्या ट्रेकमध्ये पायाला फोड येतात, मांड्या काचतात. नेमकं काय करावं?

चालता_चालता

दोन महिन्यांनी सलग आठ-दहा दिवसांचा ट्रेक आहे. रोज साधारण वीस-पंचवीस किलोमीटर, पाठीवर दहा-बारा किलोची सॅक. सराव म्हणून सुट्टीच्या दिवशी लांब चालतोय. दम पुरतो, गुडघे ठीक आहेत, अडचण फक्त कातडीची आहे. उजव्या टाचेच्या मागे आणि दोन्ही करंगळ्यांच्या बाहेरच्या बाजूला हमखास फोड येतो. दुपारनंतर मांड्या आतून इतक्या काचतात की रात्री अंगावर पाणी घेतलं की आग आग होते.

बूट नवे नाहीत, चांगले रुळलेले आहेत. मोजे जाड सुती. मित्र म्हणतात, चालत राहा, घट्टे पडले की त्रास थांबेल. आलेला फोड फोडावा की नाही, यावरही दोन्ही बाजूंनी ठाम मतं ऐकली. लांब अंतर चालणाऱ्यांनी कृपया सांगा.

नागमोडी

सुती मोजे आजच बंद करा. सूत घाम पितं आणि ओलंच राहतं. आत पातळ सिंथेटिक मोजा आणि वर लोकरीमिश्रित जाड मोजा, असे दोन घाला म्हणजे सरकणं मोज्या-मोज्यांत होतं, कातडीवर येत नाही. दुपारी जोडी बदलायची, ओली जोडी सॅकच्या बाहेर अडकवायची. वाळू-खडे आत जात असतील तर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण, वापरा.

फोड आलाच तर सुईत दोरा ओवून आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा. पाणी झिरपत राहतं आणि फोड परत भरत नाही. आमच्या गटात सगळे हेच करतात.

पट्टीवाली

मी परिचारिका आहे. लांब पल्ल्याच्या पायी मोहिमांमध्ये वैद्यकीय मदतीच्या तंबूत असते, आणि तिथे माझ्यासमोर दिवसभर पायच येतात. महिनोन्‌महिने तयारी करून आलेला माणूस एका फोडापायी परत फिरतो तेव्हा मला फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोज्यांबद्दल नागमोडी यांच्याशी पूर्ण सहमत. दोऱ्याबद्दल अजिबात नाही. आत राहिलेला दोरा म्हणजे बाहेरच्या घाणीला थेट आत जायची वाट. दिवसभर घामट मोज्यात राहिलेला तो दोरा कसा असेल, विचार करा. असे चिघळलेले पाय मी पाहिले आहेत. कृपया हे करू नका.

आता मूळ प्रश्न. बूट घासतो म्हणून फोड येतो असं आपण म्हणतो, पण नुसत्या घासण्याने कातडी वरून सोलते. फोड आतून तयार होतो. घामाने ओलसर झालेली कातडी मोज्याला धरून राहते, मोजा बुटाला धरून राहतो, आणि आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे होत असतं. मधल्यामध्ये कातडी ताणली जाते. हजारो पावलं असं झालं की वरच्या त्वचेच्या आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या फटीत पुढच्या काही तासांत पाणी भरतं. तळवा आणि टाच इथली कातडी जाड, म्हणून तिथे फोड धरतो. मांडीची कातडी पातळ, ती फोड न धरता सोलवटते. दोन्ही त्रास वेगळे, उपायही वेगळे.

घट्ट्यांचं ऐकू नका. अंतर हळूहळू वाढवलं की कातडी सरावते हे खरं, आणि त्यासाठी तुमच्याकडे दोन महिने आहेत. पण जाड घट्ट्याखाली आलेला फोड सगळ्यांत वाईट. तो खोल असतो, दिसत नाही, त्यातलं पाणी काढता येत नाही आणि ठणका मात्र प्रत्येक पावलाला. अंघोळीनंतर वज्रीने घट्टे हलके घासून गुळगुळीत ठेवा. पार काढू नका.

करंगळ्यांसाठी एक साधी तपासणी. बुटातला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी कडेबाहेर येत असेल तर बूट पुढून अरुंद आहे, मग तो कितीही रुळलेला असो. लांबच्या चालीत पाय सुजतात, त्यामुळे सकाळी जेमतेम बसणारा बूट दुपारी आवळतो. नवा घेतलात तर संध्याकाळी, ट्रेकचेच मोजे घालून घ्या आणि सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असा बघा.

टाचेचा फोड बहुतेक वेळा टाच बुटात वर-खाली होते म्हणून येतो. सगळ्यांत वरच्या दोन भोकांतून नाडी त्याच बाजूला आत घालून दोन्हीकडे छोटा फास ठेवा, मग उजवी नाडी डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून काढून खाली ओढून बांधा. टाच जागच्या जागी बसते आणि चवडा आवळला जात नाही. उतारावर बोटं पुढे आपटायचीही कमी होतात.

ज्या जागी नेहमी फोड येतो तिथे सकाळी निघण्यापूर्वीच टेप लावा. साधी सर्जिकल पेपर टेप चालते. २५० किलोमीटरच्या, अनेक टप्प्यांच्या शर्यतीतल्या धावपटूंवर याच टेपचा अभ्यास झाला होता, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टेप लावलेल्या जागी फोड बरेच कमी आले. पाय कोरडा हवा, टेपचे कोपरे गोल कापा, सुरकुती पडू देऊ नका. झिंक ऑक्साइडची टेप जास्त चिकट असते, ओल्यातही टिकते, पण काढताना घाई केली तर कातडी घेऊन निघते. ती भिजवून हळूहळू काढावी.

पायाचा घाम कमी करणारी औषधं कुणीतरी सुचवेलच. १९९८ मध्ये अमेरिकी लष्करी छात्रांवर २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. २१ किलोमीटरच्या चालीत ते लावणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, न लावणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांना. पण लावणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांच्या पायाची आग झाली, खाज सुटली. म्हणून मी ते सहसा सुचवत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट सांगते, कारण तिथेच बहुतेक लोक चुकतात. फोड येण्याआधी ती जागा गरम वाटते, थोडी चुरचुरते. तिथेच थांबा. पुढच्या विश्रांतीला नाही, चढ संपल्यावर नाही. गटाला थांबवायचा संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. पण ते पाच मिनिटांचं काम आहे: बूट काढा, पाय वाळू द्या, खडा किंवा मोज्याची चुणी असेल तर काढा, टेप लावा. तासाभराने बघू म्हणालात तर फोडच बघायला मिळेल. आणि टेप कंबरपट्ट्याच्या खिशात ठेवा. सॅकच्या तळाशी असलेली टेप कुणी काढत नाही.

फोड आलाच तर? लहान असेल, दुखत नसेल तर फोडू नका. वरची कातडी हीच सगळ्यांत चांगली पट्टी आहे. भोवती जाड चिकट फेल्टचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) तुकडा मधोमध भोक पाडून लावा, म्हणजे दाब कडेवर जातो. मोठा टचटचीत असेल आणि त्यावर चालायचंच असेल, तर तो आपणहून बुटात फुटण्यापेक्षा तुम्ही स्वच्छ रीतीने पाणी काढलेलं बरं. हात धुवा, जागा साबणपाण्याने धुवा, सुई स्पिरिटने पुसा, कडेला खालच्या बाजूने दोन-तीन भोकं पाडा आणि गॉझने हलके दाबा. वरची कातडी कापू नका. पेट्रोलियम जेली, न चिकटणारी पट्टी, वर टेप. पहिल्या दिवशी परत भरला तर परत काढा. आतलं पाणी रक्ताळलेलं असेल तर मात्र सुई लावू नका.

कातडी निघूनच गेली असेल तर स्वच्छ धुऊन हायड्रोकोलॉइडची, म्हणजे जखमेतलं पाणी शोषून जेलसारखी होणारी, पट्टी लावा. ती पांढरट होऊन फुगते, ते तिचं कामच आहे, रोज उचकटून बघू नका. लाली पसरायला लागली, पू आला, पायावर लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप आला तर चालणं बंद आणि डॉक्टर गाठा.

चालता_चालता

ताई, मनापासून आभार. इनसोलवर उभा राहून पाहिलं, दोन्ही करंगळ्या बाहेर. म्हणजे आधी बूट. मांड्यांचं मात्र राहिलं. मी निघताना टाल्कम पावडर मारतो, त्याने तासभर बरं वाटतं. आणि पायालाही पेट्रोलियम जेली फासून चालू का?

पट्टीवाली

पावडर थांबवा. घामात तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच घासतात.

मांडीला मांडी लागते किंवा कापडाची शिवण लागते, आणि घाम वाळला की मागे मीठ उरतं. ते मीठ कातडी खरवडतं, म्हणून दुपारनंतर त्रास वाढतो. अंगाला बसणारी, मांडीच्या मध्यापर्यंत येणारी सिंथेटिक शॉर्ट्स आत घाला, आतल्या बाजूला जाड शिवण नसलेली. निघण्यापूर्वी मांड्या आणि जांघेत पेट्रोलियम जेली लावा, दर काही तासांनी पुन्हा. पुन्हा लावण्याआधी ओल्या फडक्याने मीठ पुसा, नाहीतर मिठावर जेली म्हणजे खरखरीत मलमच. सॅकचा पट्टा लागतो ती कंबर, काखा आणि पुरुषांची स्तनाग्रंही अशीच सोलवटतात. तिथे आधीच जेली किंवा टेप लावावी.

मुक्कामावर पोचल्यावर ती जागा धुवा, टिपून कोरडी करा, झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा आणि सैल कपड्यात झोपा. अगदी थकला असाल तरी हे टाळू नका. पुरेसं पाणी नसेल तर ओलं फडकंही चालेल.

एक फरक ओळखा. काचण्याने आग होते, आणि विश्रांती मिळाली की दोन-तीन दिवसांत उतरते. खाज जास्त असेल, कडा उठावदार असेल, डाग बाहेर पसरत असेल तर ती बुरशी आहे. तिला क्लोट्रिमाझोलसारखं बुरशीविरोधी मलम लागतं. स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं तर खाज लगेच थांबते, पण बुरशी आत वाढत जाते.

पायाला जेली लावता येते, पण सुरुवातीला घर्षण कमी होतं आणि काही तासांनी उलट वाढू शकतं, शिवाय तिच्यावर टेप धरत नाही. तुमच्या ठरलेल्या जागा आहेत, तुम्ही टेपच निवडा.

सावकाश_सलग

मध्येच विचारतो. माझ्याबरोबर चालणाऱ्या काकांना मधुमेह आहे. त्यांना हेच सगळं लागू?

पट्टीवाली

टाळण्याचे उपाय हेच, उपचार नाहीत. त्यांनी फोडाला स्वतः सुई लावू नये, लहानसुद्धा. संवेदना कमी झाली असेल तर जागा गरम झालेली त्यांना कळणारच नाही, त्यामुळे दुखायची वाट न बघता ठरावीक वेळाने बूट-मोजे काढून पाय बघायचे. जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचे. रोज रात्री टॉर्च लावून तळवे आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही बघा, काकांना वाकून नीट दिसत नाही. कातडी फाटलेली दिसली तर दुसऱ्या दिवशी चालायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं.