अनुभव धागा : बातमी लिहिताना नेमकं कुठे चुकतं?

बातमीदार, उपसंपादक, बीट (एखादा ठरावीक विषय) सांभाळणारे, सगळ्यांनी आपापल्या कामातले बारकावे लिहा. ‘सोपं लिहा’ एवढ्यावर थांबू नका. काय, कुठे आणि का, तेही सांगा.

रात्रपाळी डेस्क

इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, २५-३० शब्दांत संपवा. सहाही ककार (कोण, काय, कुठे, कधी, का, कसं) त्यात कोंबायची गरज नाही. ‘का’ आणि ‘कसं’ दुसऱ्या परिच्छेदात चालतं. ‘महापालिकेची सर्वसाधारण सभा महापौरांच्या अध्यक्षतेखाली झाली’ ही सुरुवात इतिवृत्ताला शोभते. पाणीपट्टी वाढली ना? मग किती वाढली आणि कधीपासून, हे पहिल्या वाक्यात हवं. सूचक-अनुमोदक मागाहून येऊ देत.

ऐनवेळी जाहिरात आली की कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, खालून कापली जाते. म्हणून ज्याच्यावर आरोप आहे त्याचा खुलासा शेवटी ठेवू नका. तो कापला गेला की छापून येते ती एकतर्फी बातमी. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच घ्या. संपर्क झाला नसेल तर तेही तिथेच लिहा.

धरणं आणि पाऊस

‘प्रतिसेकंद १० हजार क्युसेक’ हे जवळपास रोज छापून येतं. क्युसेक म्हणजेच घनफूट प्रतिसेकंद, त्यामुळे ‘प्रतिसेकंद’ काढा. आकडा पडताळायलाही हेच एकक कामी येतं: १० हजार क्युसेक सलग २४ तास सोडलं तर ८६ कोटी ४० लाख घनफूट, म्हणजे जेमतेम ०.८६ टीएमसी (अब्ज घनफूट). तेवढ्याच विसर्गात ‘दिवसभरात ५ टीएमसी पाणी गेलं’ असं कॉपीत असेल तर दोनपैकी एक आकडा नक्की चुकलाय. दलघमीत (दशलक्ष घनमीटर) माहिती आली तर २८.३२ ने भागा, टीएमसी मिळेल.

टक्केवारी उपयुक्त साठ्याची की एकूण, हे लिहिल्याशिवाय बातमी सोडू नये. उजनी धरणाचा मृतसाठा (एरवी न वापरलं जाणारं तळाचं पाणी) सुमारे ६३ टीएमसी आणि उपयुक्त सुमारे ५३. ‘उणे ३० टक्के’ म्हणजे उपयुक्त साठ्याच्या ३० टक्के, साधारण १६ टीएमसी, मृतसाठ्यातून उचललं गेलंय, ४७ अजून आहे. त्यावर ‘उजनी कोरडी’ असा मथळा देणं म्हणजे सोलापूरकरांना विनाकारण धास्ती घालणं. पाऊस २४ तासांचा असेल तर तो सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजलेला असतो; कॅलेंडरच्या तारखेवर ढकलू नका.

कोर्ट बीट

तक्रार अर्ज, गुन्हा दाखल, अटक, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, शिक्षा. प्रत्येक पायरी वेगळी. आरोपपत्र पोलिस दाखल करतात, आरोप निश्चित करतं न्यायालय. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असं नाही. मथळ्यात ‘चोरटा’ आणि मजकुरात ‘संशयित’ असं तर कधीच नको.

पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम २३ नुसार पीडित बालकाचं फक्त नाव वगळून भागत नाही. पत्ता, फोटो, शाळा, कुटुंब, शेजार, ओळख पटेल असं काहीही नको. आरोपी वडील किंवा काका असतील तर त्यांचं नाव छापताच मूल ओळखलं जातं. दोनशे उंबऱ्यांच्या गावाचं नाव दिलं तरी तेच होतं, तिथे तालुक्यावर थांबा.

वेब डेस्क

‘आज’, ‘काल’ नको, ‘मंगळवारी (ता. ८)’ असं लिहा. बातमी महिन्याने पुन्हा फिरते आणि ‘उद्या शाळांना सुट्टी’ वाचून पालक शाळेत फोन लावत बसतात. सुट्टी, पाणीकपात, बंद रस्ते अशा बातम्यांत तारीख मथळ्यातच द्या, कारण स्क्रीनशॉटमध्ये तेवढंच उरतं.