उत्तेजकांचे व्यसन आणि एचआयव्ही : जिल्हा रुग्णालयासाठी टीएमएस यंत्र मागावे का?

समुपदेशक, यवतमाळ जिल्हा
एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि मेथॲम्फेटामाइन किंवा कोकेन अशा उत्तेजक अंमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या रुग्णांसाठी जिल्हा रुग्णालयात मेंदूला चुंबकीय स्पंदने देणारे टीएमएस यंत्र आणावे, असे निवेदन आमच्याकडे तयार होत आहे. माझा त्याला पाठिंबा आहे. अफूच्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे आहेत. उत्तेजकांच्या व्यसनावर तसे मान्यताप्राप्त औषध नाही, आणि नशेत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या चुकत गेल्या की रक्तातील विषाणू पुन्हा वाढतात. टीएलडी या एचआयव्हीवरच्या गोळीबरोबर क्षयाची औषधेही घेणाऱ्या माणसाला आणखी एक गोळी द्यावी लागत नाही, हा या उपचाराचा मोठा फायदा आहे. ‘डोक्याला करंट देतात’ ही गावातली भीती शॉक ट्रीटमेंटशी झालेल्या गल्लतीतून आली आहे. येथे भूल देत नाहीत आणि रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तंत्राला २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०२० मध्ये धूम्रपान सोडवण्यासाठी परवानगी दिली आहे, आणि निकोटीन हेही उत्तेजकच आहे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
ताई, धूम्रपानासाठी मिळालेली परवानगी मेथच्या व्यसनाला लागू होत नाही. त्या व्यसनावरचे अभ्यास बहुतांशी लहान आहेत, आणि लालसा कमी झाली म्हणजे सेवन थांबले असे होत नाही. टीएमएसमुळे क्वचित फिटचा झटका येऊ शकतो. उत्तेजकांमुळे ती शक्यता वाढते, आणि ज्याला टोक्सोप्लाझ्मोसिस (मेंदूतला परजीवी संसर्ग) किंवा मेंदूचा क्षय होऊन गेला आहे त्याच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. शिवाय हा उपचार आठवड्यातून पाच दिवस, असा कित्येक आठवडे चालतो. वणी-झरीकडच्या मजुराने ऐन कापूस वेचणीत रोज यवतमाळ गाठायचे कसे? त्याची रोजी बुडते, आणि रोजच्या एसटीत ‘कुठे चालला?’ हा प्रश्न ठरलेला असतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयतेची हमी दिली आहे खरी, पण ती बसथांब्यावर चालत नाही.

वर्ध्याहून
एक भर घालतो. धूम्रपानाची परवानगी सिगारेट ओढणाऱ्यांवरील चाचणीवर आधारलेली होती, आणि आपल्याकडचे निकोटीन बहुतेक खर्ऱ्यातून, म्हणजे चघळायच्या तंबाखू-सुपारीतून, शरीरात जाते.

समुपदेशक, यवतमाळ जिल्हा
खर्ऱ्याचा मुद्दा मान्य. पण सर, तुम्ही नेहमी सुचवता ती पद्धत, म्हणजे लघवीत अंमली पदार्थ आढळला नाही की लहानसे बक्षीस द्यायचे, तिच्यासाठीही रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा यावेच लागते. मग अंतराचा आक्षेप फक्त यंत्रावरच का? वैद्यकीय महाविद्यालयाने नैतिक समितीच्या देखरेखीखाली अभ्यास म्हणून हे सुरू करावे, फिट येणाऱ्यांना आणि डोक्यात धातू बसवलेल्यांना वगळावे, आणि रुग्णाला प्रवासखर्चासह बुडालेली मजुरी द्यावी, एवढे तर मागता येईल?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
लघवी तपासणीची पट्टी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवता येते, आणि तेथील परिचारिका ती वाचू शकते. हा फरक लहान नाही. उत्तेजकांच्या व्यसनात आजवर सर्वांत भक्कम पुरावा याच बक्षीस पद्धतीचा आहे. महाविद्यालयाने अभ्यास करावा, माझी हरकत नाही. मात्र जिल्हा नियोजनाचा निधी मागायचा असेल, तर तो समुपदेशक, तपासणी पट्ट्या आणि बक्षिसांसाठी मागा. यंत्राच्या निवेदनावर मी सही करणार नाही.