आम्ल जमिनीसाठी जवळपासचे खनिज भूसुधारक कोणते घ्यावेत?

प्रश्न (रानमेवा, कुडाळ)
आमची दीड एकर जांभ्याची (लाल, लोहयुक्त दगडाची) जमीन आहे. त्यातील 10 गुंठ्यांत हळद व भाजीपाला असून उरलेल्या भागात काजू आणि कोकम आहेत. भाजीच्या वाफ्यांतील मातीचा सामू (pH; 7 च्या खाली म्हणजे आम्ल) 5.2 आला आणि उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) कमी निघाले. सेंद्रिय प्रमाणीकरण घ्यायचे असल्याने सुपर फॉस्फेट वापरता येत नाही, आणि रॉक फॉस्फेट (स्फुरदयुक्त खडकाची भुकटी) राजस्थानातून येत असल्याने वाहतुकीचा खर्च फार पडतो. घराजवळ खडीक्रशर आणि चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढण्याची खाण) आहे, शिवाय किनाऱ्यावरून शिंपले सहज आणता येतात. यांपैकी काय घ्यावे?

उत्तर (जुना बागायतदार, मालवण)
चिरेखाणीची भुकटी प्रथम यादीतून काढा. तुमच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम आधीच भरपूर आहे व तेच स्फुरद धरून ठेवते. जांभ्याची भुकटी घालून त्यात आणखी भर कशाला घालायची?

शिंपले मात्र खरोखर उपयोगी आहेत, कारण ते बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच असतात. सामू वाढला की लोह-ॲल्युमिनियमची पकड सैल होऊन जमिनीत असलेले स्फुरदही काही प्रमाणात पिकाला मिळू लागते. शिंपले एक पावसाळा उघड्यावर ठेवून त्यांतील मीठ धुऊन जाऊ द्यावे, मग दळून पीठ करावे. हा दळण्याचा खर्च टाळू नका. मी पहिल्या वर्षी नुसते ठेचून टाकलेले तुकडे तिसऱ्या वर्षीही कुदळीला तसेच लागत होते आणि सामू जागचा हलला नव्हता. सुरुवातीला गुंठ्याला 20 किलो, म्हणजे हेक्टरी 2 टन, एवढे पुरे. पुढचा हप्ता पुन्हा माती तपासूनच द्यावा. कळीचा (भाजलेला) चुना वापरू नये. तो मुळांना भाजतो आणि प्रमाणीकरणातही अडचण येऊ शकते. शेणखत आणि चुना (शिंपल्यांचे पीठही त्यात आले) एकत्र टाकल्यास नत्र (नायट्रोजन) अमोनियाच्या रूपात उडून जाते, म्हणून दोहोंत दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे. काजू आणि कोकम आम्ल जमीन सोसतात, त्यांच्या बुंध्याशी चुना नेण्याचे कारण नाही.

उत्तर (काळी माती, फलटण)
वरील सल्ला कोकणापुरताच आहे, हे घाटावरच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. आमच्या चुनखडीयुक्त काळ्या रानाचा सामू 8 च्या वर असल्याने तेथे शिंपल्यांचे पीठ नकोच, आणि रॉक फॉस्फेटही जवळजवळ विरघळत नाही. मी चार पोती वाया घालवून हे शिकलो. तुमच्याकडे ते आम्लतेमुळे विरघळेल, पण ज्या वाफ्यात चुना घातला त्याच वाफ्यात त्याच हंगामात ते घालू नका, कारण चुना ती आम्लताच कमी करतो. थोडेसेच आणून शेणखताच्या खड्ड्यात मुरवावे.

क्रशरच्या भुकटीबद्दल मात्र लोकांच्या अपेक्षा अवास्तव असतात. आपल्या काळ्या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह आहे, पालाश (पोटॅशियम) फारच कमी आहे, आणि ही भुकटी झिजायला वर्षे लागतात. घ्यायचीच तर वस्त्रगाळ घ्यावी. जाडसर राहिलेला भाग मातीत वाळूसारखा नुसता पडून राहतो. पालाशासाठी चुलीची राख बरी, पण तीही सामू वाढवते, म्हणून हात राखून वापरावी.

प्रश्नकर्त्याकडून
दोघांचेही आभार. आज बशीत तिन्ही भुकट्यांवर लिंबू पिळून पाहिले. शिंपल्यांचे पीठ फसफसून बशीच्या काठापर्यंत आले. क्रशरची आणि चिरेखाणीची भुकटी नुसती ओली झाली. आता शिंपल्यांचे पीठ चालेल का, हे प्रमाणीकरण संस्थेला लेखी विचारतो. होकार आल्यास पावसाआधी हळदीच्या दोन वाफ्यांत ते घालीन, शेजारचे दोन तसेच कोरे ठेवीन आणि काढणीनंतर चारही वाफ्यांची माती तपासून आकडे येथे देईन.