शिकागो : हिवाळ्यात तळ्याकाठून सायकलने ऑफिसला जाता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये पुण्याहून शिकागोला आले. घर एजवॉटरमध्ये, लेकफ्रंट ट्रेलचं (तळ्याकाठच्या सायकल-पायवाटेचं) उत्तरेकडचं टोक अगदी पाच मिनिटांवर. ऑफिस लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, एका बाजूने साधारण १२ किलोमीटर. सायकलची वाट वेगळी, चालणाऱ्यांची वेगळी, आणि डाव्या हाताला मिशिगन सरोवर. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसतच नाही! पुण्यात इतकी वर्षं सायकल चालवली, असा निवांत रस्ता कधी मिळाला नव्हता. इथे ओळखीचं कुणी नसताना पहिले तीन महिने मला या पाण्यानेच सांभाळलं.

आता ऑक्टोबर संपत आलाय. गेल्या मंगळवारी ईशान्येचा वारा होता. ओक स्ट्रीटच्या वळणावर लाट थेट ट्रेलवर आली, सायकल घसरली आणि कोपर सोलवटलं. घरी परतताना वारा समोरून, चाळीस मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास लागला. ऑफिसात सगळे म्हणतात, सायकल आता एप्रिलपर्यंत ठेवून दे. मला ती ठेवायची नाहीये. ट्रेल कधी टाळायचा हे आधी कसं कळतं? आणि टाळला तर जायचं कुठून? इथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद :
कोपराला जपा. माझा हा इथला नववा हिवाळा, सायकल बंद नाही. थंडीचं फार मनावर घेऊ नका, कपड्यांनी ती भागते. बघायची ती वाऱ्याची दिशा. उत्तर-ईशान्येचा वारा लांबवर पाण्यावरून येतो, म्हणून लाटा मोठ्या होतात. हवामान खात्याची 'लेकशोर फ्लड ॲडव्हायझरी' (तळ्याचं पाणी काठावर चढण्याचा इशारा) असेल त्या दिवशी काठाकडे फिरकू नका. जानेवारीत त्याच लाटांचे तुषार ट्रेलवर गोठतात आणि तो बर्फ दिसत नाही. बर्फ पडला की ट्रेल साफ करतात, पण हे गोठलेलं पाणी राहून जातं. पश्चिमेचा वारा असेल तर मात्र कडाक्याच्या थंडीतही जा, पाणी शांत असतं.

पर्याय म्हणून आतले, घरांमधले रस्ते धरा, इमारतींचा आडोसा मिळतो. फारच बिघडलं तर सीटीएच्या (इथल्या शहर वाहतुकीच्या) बसला पुढे सायकलचा रॅक असतो. सीटीएच्या ट्रेनमध्ये मात्र कामाच्या दिवशी सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ सायकल नेता येत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा पुढचा-मागचा दिवा आत्ताच घ्या. बर्फावर पकड धरणारे खिळ्यांचे टायरही घ्या, पण आधी मडगार्डखाली जागा किती आहे ते मोजा.

धागाकर्ती :
खूप आभार! वाऱ्याच्या दिशेचं कुणीच सांगितलं नव्हतं. माझे टायर ३२ मिमीचे आहेत, मडगार्डखाली जेमतेम बोट जातं. खिळ्यांचे ३५ चे बसतील, की मडगार्ड काढावे लागतील?