फायनल फँटसी टॅक्टिक्स: रिओव्हानेसच्या किल्ल्यात विग्राफपुढे रामझा टिकतच नाही

प्रश्न

नमस्कार मंडळी. १९९७चा मूळ प्लेस्टेशनवाला गेम खेळतोय. तिसऱ्या भागात रिओव्हानेसच्या दारावरची लढाई जिंकली, सेव्ह केलं, आत गेलो तर माझा नायक रामझा एकटाच विग्राफ या शत्रूसमोर. पहिल्या वारात निम्मा एचपी (प्राण) जातो, पुढच्यात खेळ खलास. सेव्ह हा एकच, आणि इथून नकाशावर परतता येत नाही. म्हणजे दुकानही बंद, सरावाच्या लढायाही बंद. रामझाचा जॉब (पेशा) नाइट आहे. स्क्वायर या जॉबचं यल आणि अ‍ॅक्युम्युलेट शिकून झालंय, केमिस्टचं ऑटो-पोशनही (मार बसला की आपोआप औषध घेणारं). पहिल्यापासून सुरू करायचं अगदी जिवावर आलंय. काही मार्ग आहे का?

उत्तर १

आहे, आणि तुमच्याकडे त्यासाठी लागणारं सगळं आहे. नव्याने सुरू करू नका. नकाशा बंद असला तरी तुकडी मांडायच्या पडद्यावर जॉब, क्षमता आणि अंगावरचं साहित्य बदलता येतं. रामझाला नाइटच ठेवा, दुसरी क्षमता म्हणून गट्स (यल वगैरे ज्यात येतं तो रामझाच्या स्क्वायरचा संच) द्या, रिअ‍ॅक्शनला ऑटो-पोशन लावा. चिलखत आणि शिरस्त्राण जास्तीत जास्त एचपी देणारं निवडा. ढालीवर भिस्त ठेवू नका. विग्राफची होली स्वोर्ड विद्या ढालीने चुकत नाही आणि लांबूनही लागते.

आता खरी गोष्ट. ही लढाई ताकदीची नाही, वेगाची आहे. प्रत्येक टिकला (खेळातल्या घड्याळाच्या ठोक्याला) पात्राचा वेग त्याच्या सीटीत (टर्नसाठीच्या मोजणीत) जमा होतो, १०० झाले की टर्न मिळतो. वेग ८ असेल तर १३ टिक लागतात, १० झाला की १०च. यल दर वेळी वेग १ने वाढवतं आणि ते स्वतःवरही चालतं. त्यातही जागेवर उभं राहून फक्त यल केलं तर सीटीतून १०० ऐवजी ८०च वजा होतात, उरलेले २० पुढच्या टर्नला उपयोगी पडतात. सुरुवातीचे वार अंगावर घ्यावेच लागतील. तेवढे निभावले की विग्राफच्या एका टर्नमध्ये तुमचे दोन, मग तीन. मग अ‍ॅक्युम्युलेट करून ताकद वाढवा, आणि घाई न करता मारा.

उत्तर २

मी मंक हा जॉब सुचवेन. रिकाम्या हाताच्या डॅमेजमध्ये ताकदीला ताकदीनेच गुणलं जातं, त्यामुळे अ‍ॅक्युम्युलेटचा फायदा दुपटीने दिसतो. शिवाय त्याच्या चक्र या क्षमतेने एचपी भरता येतो, त्याला एमपीही (जादूची शक्ती) लागत नाही.

उत्तर १ (पुन्हा)

मंक मलाही फार आवडतो, आणि आधीपासून तयार केलेला असेल तर तो इथला राजा आहे. पण त्याला जड चिलखत घालता येत नाही, आणि यांची अडचण पहिल्या दोन वारांतच आहे. तिथे अंगावर लोखंड हवंच.

ऑटो-पोशनबद्दल एक सांगायचं राहिलं. ते लागण्याची टक्केवारी म्हणजे रामझाचा ब्रेव्ह (धैर्याचा आकडा). सुरुवातीला तो ७० असतो. गट्समधलं चिअर अप शिकला असाल तर प्रत्येक वेळी ५ वाढतो, आणि चढलेल्या दर ४मागे १ कायमचा राहतो. साठ्यातलं सगळ्यात हलकं औषध आधी वापरलं जातं, हेही ध्यानात ठेवा. साधं पोशन ३० एचपी देतं, हाय-पोशन ७०, एक्स-पोशन १५०. जे अजून किल्ल्यात शिरले नाहीत त्यांनी हलकी औषधं आधीच विकून टाकावीत.

लोक या लढाईला अन्याय म्हणतात, ते मला पटत नाही. विग्राफ हा काही वाटेत भेटलेला बॉस नाही. पन्नास वर्षांच्या युद्धात लढून पगाराविना हाकलले गेलेले सैनिक घेऊन त्याने डेथ कॉर्प्स उभी केली. त्याची बहीण मिलुडा पहिल्या भागात आपल्याच हातून मरते, आणि मरताना ती जे बोलते त्याला रामझाकडे उत्तर नसतं. पुढे ऑर्बोन मठात हाच माणूस मरणाच्या दारात असताना मेष राशीच्या जादुई दगडाशी करार करतो. ज्याने सरदारांविरुद्ध तलवार उचलली, तो शेवटी स्वतःचं माणूसपण देऊन बसतो. इथे रामझाच्या मागे चार माणसं उभी असती तर हा हिशेब हिशेब राहिला नसता. यासुमी मात्सुनोंच्या कथेत लढाईची मांडणीही कथाच सांगते, म्हणून मला हा गेम इतका जवळचा आहे.

प्रश्नकर्ता

मिलुडाचं पार विसरलो होतो. मग आज गट्स लावून बघतो. विग्राफ पडल्यावर लगेच दुसरी लढाई आहे म्हणतात, तिथे यलने वाढलेला वेग राहतो का?

उत्तर १ (पुन्हा)

राहतो. म्हणून विग्राफला संपवायची गडबड करू नका, वेग भरपूर चढू द्या. मेल्यावर त्याचा वेलिअस नावाचा राक्षस होतो, तुमची तुकडी येते, सोबत त्याचे राक्षसही. राक्षसांच्या नादी लागू नका, वेलिअस पडला की लढाई संपते. त्यानंतरची लढाई छतावर, आणि ती वेगळ्याच कारणाने हरतात. तिथे राफा या आपल्या बाजूच्या मुलीला जिवंत ठेवायचंय, पण ती तुमच्या हुकमात नसते, सरळ मारेकऱ्यांच्या अंगावर धावते. वेगवान माणसं पुढे मांडा आणि मारेकऱ्यांचा म्होरक्या एल्मडोर किंवा त्याच्या दोन साथीदारणींपैकी एकावरच सगळ्यांचे वार एकवटा. तिघांपैकी एकाचा एचपी अगदी खाली गेला की ते तिघेही निघून जातात.