कच्चा लिंबू पक्का कधी झाला? घरातल्या पत्त्यांच्या आठवणी

गेल्या मे महिन्यात सहा वर्षांच्या लेकीला पहिल्यांदा स्वतःची पानं दिली. बदाम सात. चौघांत 13-13 पानं आणि तिच्या मुठीत जेमतेम सहा मावत होती. आजीने पोळपाट उभा करून दिला, त्याच्या आडोशाला तिने पानं जमिनीवर ओळीने मांडली. बदामची सत्ती पडली, छक्की-अठ्ठी लागली. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की किलवरची सत्ती कुणीच काढत नाहीये. ती हिच्याकडे होती! दुसरं पान लावता येतंय तोवर सत्ती दाबून ठेवायची, हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं. आजोबांकडे किलवरचे राजा-राणी अडकून पडले. डाव संपल्यावर ते म्हणाले, "हिला आता कच्चा लिंबू म्हणायचं नाही. वहीत हिचेही गुण मांडा."

तुमच्या घरी हे कुठल्या डावात झालं? जरूर लिहा. नियम घरोघरी वेगळे असतात, तेही सांगा.

*

आमच्याकडे झब्बू. कोकणातलं घर, सुट्टीत दहा-बारा भावंडं, त्यामुळे दोन कॅट एकत्र पिसायचे. मी आजीच्या मांडीवर बसून तिची 'भागीदार'. पान ती ठरवणार, टाकणार मी. एकदा मोठ्या काकांनी चौकटची उतारी केली, आमच्याकडे चौकट संपलेली. आजीने कानात सांगितलं, "दे झब्बू." मी इस्पिकचा एक्का आपटला आणि सगळी पानं काकांच्या पदरात! त्या आपटण्याचा आवाज अजून कानात आहे. पुढच्या सुट्टीत मला वेगळी पानं मिळाली. मांडी मात्र सुटली, त्याचं तेव्हा वाईट वाटलं होतं.

*

घरात तिघंच असाल तर पाच-तीन-दोन. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची पानं घ्यायची, त्यातून किलवर आणि चौकटच्या सत्त्या काढल्या की 30 उरतात, प्रत्येकी 10. पहिली पाच पानं बघून पाच हात करणारा हुकूम बोलतो. ज्याचे हात कमी पडले त्याच्याकडून पुढच्या डावात, जास्त करणारा न बघता पान ओढतो आणि बदल्यात आपलं नकोसं पान देतो.

2020 च्या टाळेबंदीत आम्ही हा डाव रोज खेळलो. मुलगा आठ वर्षांचा. एकदा मी त्याच्याकडून ओढलं ते नेमकं हुकमाचा एक्का. त्याचे डोळे भरले. मी परत देणार होते, पण तोच म्हणाला, "नको आई, ओढलेलं पान परत नसतं." मग नाक पुसून खेळला आणि आपले दोन हात केले.

*

वरच्या ताईंचं पटलं. मोठ्यांनी मुद्दाम हरू नये असं माझं ठाम मत आहे. मुलांना ते लगेच कळतं. माझे वडील मला जिंकू द्यायचे, आणि ज्या दिवशी ते समजलं त्या दिवसापासून मला मागचा एकही विजय माझा वाटेना. लहान मूल असेल तर डावच नशिबाचा निवडा. भिकार-सावकारमध्ये चार वर्षांचं पोरही आजोबांना खरोखर भिकारी करतं.

*

मी सिंधुदुर्गातली. घरी सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा एक संच आहे. गोल, हाताने रंगवलेली 120 पानं, दहा अवतारांची प्रत्येकी 12. मूळ खेळ आम्हाला कुणाला येत नाही, याची खंत आहे. पण मुलं मत्स्य, कूर्म, वराह असे ढीग लावत बसतात. धाकटीला दहा अवतार क्रमाने त्यातूनच पाठ झाले.

*

नात कॅनडात असते. मराठी समजतं, बोलायचा कंटाळा. इथे आली की गुलामचोर. एक गुलाम बाजूला काढायचा, जोड्या टाकत जायच्या, शेवटी उरलेला गुलाम ज्याच्याकडे तो चोर. तीन आठवड्यांत दुर्री, तिर्री, इस्पिक, किलवर सगळं तोंडात बसलं. परवा तिकडून फोनवर म्हणाली, "आबा, माझ्या फ्रेंडला मी चोर केलं!"

*

मांडीवरच्या भागीदारीचं वाचलं म्हणून लिहितोय. आमच्याकडे मेंढीकोट चालतो, चार दश्श्या पकडण्याचा. मला तो आजीने शिकवला, तिचा भिडू म्हणून. आता तिला नीट दिसत नाही. मी तिच्या शेजारी बसतो, तिच्या हातातली पानं रंगांप्रमाणे लावतो आणि कानात सांगतो. माझ्या जागी माझी भाची खेळते. पडलेली पानं अजूनही आजीच्याच लक्षात असतात, तरी मध्येच खात्री करून घेते. "इस्पिकचा एक्का गेला ना रे?"

गेला म्हटलं की राजा कुठे आहे ते बोटाने चाचपते आणि टाकते.