यकृताचा 'सहभाग'? शब्द सुचवा

भाषांतरी: लिम्फोमाच्या (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींच्या कॅन्सरच्या) रुग्णांसाठीची माहितीपत्रिका मराठीत करतेय. 'लिव्हर इन्व्हॉल्व्हमेंट'चं आधीच्या मसुद्यात 'यकृताचा सहभाग' झालंय. जणू यकृतानं वर्गणीच भरली! 'रक्ततपासणीतून यकृताचा सहभाग कळतो' हे वाक्य कसं लिहाल?

शब्दखूळ: लागण?

परीक्षानळी: नको हो. लागण संसर्गाची. पेशंटचं ताट-वाटी वेगळी करतील. 'प्रसार'ही पुरता बसत नाही. लिम्फोमा ज्या पेशींचा, त्या एरवीही अंगभर फिरतच असतात. मी 'शिरकाव' म्हणेन. क्वचित लिम्फोमा यकृतातच सुरू होतो, तिथे मात्र हा शब्द लटका पडेल.

पण माझी खरी हरकत 'कळतो'वर आहे. रक्तातलं एएलपी हे एन्झाइम वाढलं की यकृताकडे बोट जातं, पण ते हाडांतूनही येतं. जोडीला जीजीटी हे दुसरं एन्झाइम वाढलं असेल तर रोख यकृत-पित्तमार्गाकडे. एलडीएच हे एन्झाइम तर यकृत साफ असतानाही लिम्फोमात वाढलेलं सापडतं. बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) चढायला बाहेरच्या गाठीनं पित्तनलिका दाबली तरी पुरतं. शिवाय हेच आकडे वाढवणारी केमोची औषधं आहेत, उपचारांत पुन्हा डोकं वर काढणारा हेपटायटिस बी आहे. आणि उलटंही होतं: सगळे आकडे नॉर्मल, बायोप्सीत मात्र लिम्फोमाच्या पेशी. अ‍ॅन आर्बर या लिम्फोमाचे टप्पे ठरवणाऱ्या वर्गीकरणात (1971) यकृतातला शिरकाव म्हणजे थेट चौथा, शेवटचा टप्पा. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर कुणाला तिथे बसवायचं नसतं. स्कॅन लागतो, गरज पडली तर बायोप्सी.

शब्दखूळ: मग 'यकृतबाधा'?

भाषांतरी: भूतबाधेची बहीण वाटते! बरं, एलएफटीला (लिव्हर फंक्शन टेस्ट) 'यकृत कार्य चाचणी' चालेल ना?

परीक्षानळी: रूढ आहे, चालवा. खरं तर त्यातली एएसटी, एएलटी ही एन्झाइम्स कार्य मोजतच नाहीत, पेशींना इजा झाल्याचं सांगतात. कार्याचा अंदाज अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइमवरून (रक्त गोठायला लागणारा वेळ) येतो. पण मूळ इंग्रजी नावातच ती गफलत आहे, तुम्ही कशाला निस्तरता?

भाषांतरी: मग असं लिहिते: 'रक्ततपासणीवरून यकृतात लिम्फोमाचा शिरकाव झाल्याचा संशय येऊ शकतो, खात्रीसाठी पुढच्या तपासण्या लागतात.'

शब्दखूळ: 'संशय'च्या जागी 'शंका' करा. संशय माणसावर घेतात.